कुत्रा खाजवतोय? आधी जागा पाहा, मग औषध

कुत्र्याचे केस जायला लागले की गल्लीचं निदान ठरलेलं असतं: ‘लूत लागली’. उपायही ठरलेला, ट्रॅक्टरचं जळकं ऑईल. पण गोचीड, पिसवा, खरजेचे किडे, बुरशी, जंतू, अ‍ॅलर्जी, हार्मोनचा बिघाड, यांतल्या कशानेही केस जातात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावांत कुत्रा बहुतेक गोठ्याजवळ, खळ्यात नाहीतर शेतातल्या खोलीवर राहतो आणि तिथल्याच फळीवर कपाशीची फवारणीची औषधं ठेवलेली असतात. हाताला येईल ते अंगावर चोपडलं गेलं, तर मूळ रोगापेक्षा उपाय महागात पडतो.

नव्याने कुत्रा पाळणाऱ्याने एक क्रम पक्का करावा. आधी अंगावरचे परजीवी शोधायचे, मग जंतू आणि बुरशी. ही दोन्ही कारणं निकाली निघाली आणि खाज तरीही उरली, तरच अ‍ॅलर्जीकडे वळायचं.

आठवड्यातून एकदा अंग चाचपणं

सकाळच्या उजेडात, कुत्रा निवांत असताना दहा मिनिटं काढा. बोटं केसांच्या उलट्या दिशेने फिरवा, म्हणजे खालची कातडी दिसते. नाकापासून सुरुवात करून ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती, कानाची कड आणि कानाच्या आत, पट्ट्याखालची मान, काखा, पोट, जांघ, प्रत्येक पंजाच्या बोटांमधली जागा, पाठ, शेपटीचं मूळ आणि शेपटीखाली असा क्रम ठेवा. पट्टा काढल्याशिवाय मान पाहिली असं समजू नका. कान हुंगून पाहा. निरोगी कानाला आंबूस वास येत नाही.

काही सापडलं तर लगेच काही लावू नका. फोनवर फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे डाग वाढला की कमी झाला ते पुढच्या आठवड्यात कळेल. मग या गोष्टी लिहून ठेवा: आधी खाज आली की आधी केस गेले? झोपेतून उठून किंवा जेवण सोडून खाजवतो का? घरातल्या माणसांना, दुसऱ्या कुत्र्याला किंवा मांजराला काही उठलंय का? डॉक्टरला या उत्तरांचा उपयोग ‘सारखा खाजवतो’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

रोग अंगावर कुठे आहे, यावरून बरंच कळतं:

- कमरेवर, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मागे खाज: बहुधा पिसवा.
- कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे आणि पोटावर खपल्या, खाज भयंकर: खरूज.
- डोळ्यांभोवती, ओठांपाशी, पुढच्या पायांवर केस गेलेले, वय वर्षाच्या आतबाहेर, खाज नाही किंवा कमी: डेमोडेक्स (केसांच्या मुळातल्या बारीक किड्यांचा रोग).
- गोल चट्टा, कडेला कोंडा, केस तुटल्यासारखे: गजकर्ण.
- पंजे चाटून लालसर-तपकिरी झालेले, काखा आणि पोट लाल, कान वारंवार चिघळणारे: अ‍ॅलर्जी, सोबत बहुधा यीस्ट (एक प्रकारची बुरशी).
- दोन्ही कुशींवर अगदी सारखेच केस गेलेले, खाज नाही, कुत्रा सुस्त आणि जाड होत चाललेला: हार्मोन. यावर घरी काही करण्यासारखं नाही, रक्त तपासावं लागतं.

लस न दिलेल्या पिल्लाच्या पोटावर पुळ्या, नाकाडोळ्यांतून घाण आणि तळवे किंवा नाक टणक झालेलं दिसलं, तर ते त्वचेचं दुखणं नाही. तो डिस्टेंपर, म्हणजे विषाणूचा जीवघेणा रोग असू शकतो. पिल्लू वेगळं बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोचीड

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड ही बहुधा गाई-बैलांवरच्या गोचिडीपेक्षा वेगळ्या जातीची असते आणि तिची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. रक्त पिऊन फुगली की ती गळून पडते आणि वर चढते: भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, छताची लाकडं. तिथे एक मादी ४,००० पर्यंत अंडी घालू शकते. आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि तीनदा गळते. कुत्र्यावरच्या वीस गोचिडी काढल्या तरी आठवड्याने पुन्हा वीस दिसतात, त्याचं कारण हे. मातीच्या भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, विटांच्या भिंतीत सिमेंट भरा, कुत्र्याची जागा भिंतीपासून थोडी पुढे ओढा. गोठ्यात फवारणी करायची असेल तर जनावरं आणि कुत्रा बाहेर काढून, पूर्ण वाळेपर्यंत बाहेरच ठेवा. पाण्याची आणि चाऱ्याची भांडी आधी हलवा.

चिकटलेली गोचीड काढताना चिमटा कातडीला टेकवून, गोचिडीच्या तोंडापाशी पकडायचा आणि न पिळता सरळ ओढायचा. विडी टेकवणं किंवा रॉकेल टाकणं नको. त्याने कातडी भाजते आणि गोचीड चिडून आणखी लाळ आत सोडते. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. जागा पोव्हिडोन आयोडीनने पुसा. बारीक गाठ आठवडाभर राहिली तरी घाबरण्याचं कारण नाही.

घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टीला. गोचिडीतून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे रोग येतात. ताप, जेवण सोडणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, नाकातून रक्त, पोटावर जांभळे ठिपके, कॉफीच्या रंगाची लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. त्वचा स्वच्छ दिसत असली तरी थांबू नका.

औषधांचे तीन प्रकार सहज मिळतात. मानेवर टाकायचं फिप्रोनिल: केस बाजूला करून, दोन खांद्यांच्या मधोमध, थेट कातडीवर, आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. पोटातून द्यायची गोळी: अफॉक्सोलेनर महिनाभर, सॅरोलेनर साधारण पाच आठवडे, फ्लुरालेनर बारा आठवडे चालतं. गोळी जेवणासोबत द्यावी. झटके येणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसेल, कारण तिने चावून रक्त प्यायल्यावरच औषध तिच्यापर्यंत पोहोचतं. ती एक-दोन दिवसांत मरून पडते.

तिसरं अमिट्रॅझ, स्वस्त म्हणून सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात जास्त चुकणारं. गुरांच्या औषधांच्या दुकानात ते १२.५ टक्क्यांचं मिळतं. गोचिडीसाठी प्रमाण १ लिटर पाण्याला २ मिली. झाकणाने किंवा अंदाजाने ओतू नका, सुई काढलेल्या सिरिंजने मोजा. उघड्यावर, हातमोजे घालून, स्पंजाने अंगावर लावा; डोळे आणि जखमा टाळा; पुसू नका, सावलीत वाळू द्या आणि वाळेपर्यंत चाटू देऊ नका. उरलेलं पाणी साठवून पुन्हा वापरू नका. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री, मधुमेही आणि अशक्त कुत्रा यांना ते लावू नये. लावणाऱ्या माणसाला मधुमेह असेल तर त्यानेही हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

पिसवा

पिसू दिसेलच असं नाही, तिची विष्ठा दिसते. बारीक फणीने कमरेवरचे केस विंचरा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. मातीचे कण तसेच राहतात. पिसवांची घाण असेल तर तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं.

कुत्र्यावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष बारदानात, फरशीच्या सांध्यांत, खाटेखाली. यांना ऊन आणि कोरडी हवा सहन होत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की उघड्या अंगणात त्या टिकत नाहीत, पण केळीच्या बागेतली ओलसर सावली किंवा कूलरजवळचा कोपरा त्यांना मानवतो आणि पावसाळा ते दिवाळी हा तर त्यांचाच हंगाम. कुत्र्याचं बारदान आठवड्याला उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, किंवा सरळ जाळून नवीन घ्या. बारदानाला काय तोटा. कोषांवर औषध चालत नाही, म्हणून उपाय सलग तीन महिने करावा लागतो. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध द्यायचं, मात्र कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही नाही. मांजर त्याने मरतं.

दोन वेगळ्या ‘लुती’

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश.

पहिली खरूज, सार्कोप्टिस नावाच्या किड्याची. तो कातडीत बोगदे करतो. खाज इतकी की कुत्रा रात्रभर झोपत नाही. घरी एक साधी चाचणी करता येते: कानाची कड दोन बोटांत धरून तिच्यावरच पाच-दहा सेकंद चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय हवेत खाजवल्यासारखा हलू लागला, तर खरजेचा संशय बळकट होतो. हा रोग दुसऱ्या कुत्र्याला लागतो आणि माणसालाही: कुत्र्याला उचलून घेणाऱ्याच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ उठतं. कुत्रा बरा झाला की माणसाचं पुरळ बहुधा आपोआप ओसरतं. (साठवलेल्या कापसाजवळ काम करणाऱ्यांचंही अंग खाजतं, त्याचं खापर कुत्र्यावर फोडण्याआधी कापूस कुठे भरलाय ते पाहा.)

दुसरी डेमोडेक्स. हे किडे निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळातही थोडे असतात. पिल्लाची प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतात. ना दुसऱ्या कुत्र्याला लागत, ना माणसाला. एक-दोन लहान चट्टे असतील तर पुष्कळदा चांगलं खाणं आणि जंताचं औषध एवढ्यावर जातात. अंगभर पसरलं, पुळ्या आल्या, वास सुटला, तर मात्र महिने लागतात. मोठ्या वयाच्या कुत्र्याला अचानक डेमोडेक्स झाला तर आत पुष्कळदा दुसरा रोग दडलेला असतो, तो शोधायला हवा.

दोन्हींचं निदान कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होतं. डेमोडेक्ससाठी कातडी चिमटीत दाबून, किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडावं लागतं. वरवर खरवडलं तर किडे सापडत नाहीत. खरूज उलटी आहे, दहा ठिकाणी खरवडूनही किडा हुलकावणी देतो, म्हणून लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर रिपोर्ट कोरा असूनही औषध सुरू करतात. गोचिडीसाठीच्या वरच्या गोळ्या दोन्हींवर चालतात. खरजेत पहिले काही दिवस खाज वाढल्यासारखी वाटते, औषध बदलू नका. डेमोडेक्समध्ये केस परत आले म्हणजे बरा झाला असं नाही: महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून एकही किडा दिसला नाही, तेव्हाच उपचार थांबतो.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गुरांच्या १ टक्का औषधात प्रत्येक मिलीत १० मिलिग्रॅम असतं, ते ५० किलोच्या जनावरासाठी. दहा किलोच्या कुत्र्याला मोजताना थोडा हात चुकला तरी मात्रा कितीतरी पट होते. कोली, शेटलंड, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरांत ते मेंदूत शिरतं: लाळ, झोकांड्या, आंधळेपणा, बेशुद्धी. गुरांना टोचणाऱ्याकडून ‘यालाही एक टोच’ असं कधी सांगू नका.

गजकर्ण

ही बुरशी पिल्लांपासून लहान मुलांना पटकन लागते. चट्ट्याभोवतीचे केस कापा, मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, अंगभर असेल तर पोटातून इट्राकोनॅझोल डॉक्टरच्या सांगण्याने. कापलेले केस उघड्यावर टाकू नका, जाळा. मेडिकलमध्ये मागितल्यावर मिळणारी स्टिरॉईड मिसळलेली गजकर्णाची मलमं कुत्र्याला लावू नका. चार दिवस लाली जाते, आत बुरशी पसरते, मग चट्टा ओळखूसुद्धा येत नाही.

पावसाळा, काळी माती आणि पुळ्या

आपल्या काळ्या मातीचा चिखल बोटांच्या मध्ये बसला की वाळून खड्यासारखा होतो. खाली कातडी ओली राहते, घासली जाते आणि तिथे जंतू आणि यीस्ट दोन्ही वाढतात. शेतातून आल्यावर पंजे साध्या पाण्यात बुडवून, बोटं फाकवून माती काढायची आणि महत्त्वाचं म्हणजे कोरडं पुसायचं. नुसतं धुऊन ओलं सोडणं हे न धुण्यापेक्षा वाईट.

जंतूंच्या पुळ्या पोटावर दिसतात. फुटल्यावर कडेला साल निघालेली गोल वर्तुळं उरतात, ती पुष्कळ जण गजकर्ण समजतात. यीस्टमध्ये कातडी तेलकट, काळपट, जाड होते आणि आंबूस वास येतो. दोन्हींसाठी २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू. यीस्ट असेल तर त्यात २ टक्के मायकोनॅझोल. शाम्पूचा फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहिला पाहिजे, घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि शाम्पूला नावं ठेवतात. प्रतिजैविकाचा कोर्स वरवरच्या पुळ्यांनाही बहुधा दोन-तीन आठवड्यांचा असतो. पाचव्या दिवशी पुळ्या सुकल्या म्हणून थांबवला तर त्या परत येतात, आणि दुसऱ्या वेळी तेच औषध लागू पडेल याची खात्री नसते.

लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशा दाट केसांच्या कुत्र्याला रात्रीतून तळहाताएवढा ओला, चिकट, लाल डाग पडतो. त्याला हॉट स्पॉट म्हणतात. डागाच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत केस कापा, कारण केसांखाली तो दिसतो त्याहून मोठा असतो. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा पुसा, वाळू द्या, आणि मानेत प्लास्टिकची कॉलर घाला. कॉलर नाही तर तळ कापलेली छोटी बादली चालते, कडा कापडाने मढवून. चोवीस तासांत डाग वाढला तर दवाखाना.

आळ्या पडल्या तर

पावसाळ्यात छोट्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत आळ्या होतात; कानामागे आणि शेपटीखाली जास्त. घाण वास आणि कुत्र्याने एकच जागा सारखी चाटणं ही खूण. आधी तोंडाला मऊ पट्टी बांधा (धापा टाकत असेल तर बांधू नका), भोवतालचे केस कापा, मिठाच्या पाण्याने धुवा, चिमट्याने दिसतील त्या आळ्या काढा आणि डॉक्टरकडे न्या; खोल पोकळीतल्या आळ्या घरी निघत नाहीत. जखमेत फिनाईल, पेट्रोल, डांबराच्या गोळ्यांची पूड किंवा शेतातलं दाणेदार कीटकनाशक भरणं म्हणजे उघड्या जखमेतून विष देणं. आळ्या मरतात, कधी कधी कुत्राही.

जळक्या ऑईलचंही तेच. ते चाटलं जातं, पोटात जातं, कातडी भाजते. खरूज मात्र खालीच राहते. डेटॉल, रॉकेल, टी ट्री तेल, झिंक ऑक्साईडची मलमं, हळद-चुन्याचे लेप सगळे बाजूला ठेवा. कपाशीचं फवारणीचं औषध आधीच अंगावर टाकलं गेलं असेल आणि लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या, जुलाब दिसत असतील, तर भरपूर पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, ओकारी करवू नका आणि औषधाची बाटली लेबलासकट सोबत घेऊन लगेच निघा. लेबल पाहूनच उतारा ठरतो.

परजीवी गेले, जंतू गेले, खाज आहेच

आता अ‍ॅलर्जी. खाण्याची आहे का हे रक्ततपासणीने भरवशाने कळत नाही. ते कळायला एकच वाट: कुत्र्याने आधी कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, आठ आठवडे फक्त तेवढंच. मधेच कुणी बिस्किट, दूध-भाकरी किंवा कळण्याच्या भाकरीचा तुकडा टाकला की मोजणी पहिल्यापासून. एकत्र घरात हे जमवणं औषधापेक्षा अवघड आहे. (कांदा-लसूण घातलेली भाजी तर एरवीही नको, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात.) हवेतल्या धुळीची, परागांची अ‍ॅलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते आणि आयुष्यभर सांभाळावी लागते. दर महिन्याला स्टिरॉईडचं इंजेक्शन हा तिचा उपचार नव्हे. खाज थांबते, पण भूक-तहान वाढते, पोट सुटतं, कातडी पातळ होते.

आंघोळ निरोगी कुत्र्याला दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरे, कुत्र्याच्या शाम्पूने. कपड्याच्या साबणाने थंडीत कोंडा झालाच समजा. उन्हाळ्यात दुहेरी केसांच्या (वर राठ, आत मऊ लव) कुत्र्याची हजामत करू नका, कातडी उन्हात भाजते. दुपारी डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही.

दवाखान्यात जाताना

दोन दिवस आधीपासून आंघोळ नाही, मलम नाही, तेल नाही. नाहीतर खरवडून हाती काही लागत नाही. वजन करून जा. घरचा काटा असेल तर कुत्र्याला घेऊन उभं राहा आणि आपलं वजन वजा करा; मोठा कुत्रा असेल तर कापूस मोजायचा काटा उत्तम. आधी दिलेल्या औषधांची रिकामी पाकिटं सोबत ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आणि रक्ततपासणीची सोय आहे का, हे फोनवर विचारून घ्या. पशुसंवर्धन खात्याचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. डॉक्टरला नेमकं विचारा: काय सापडलं, औषध किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचं.

गल्लीतल्या मोकाट कुत्र्याला लूत असेल तर त्याला पकडून आंघोळ घालण्याच्या फंदात पडू नका. डॉक्टरकडून अंदाजे वजनाप्रमाणे गोळी घ्या, ती मटणाच्या तुकड्यात लपवा आणि एकटा असताना खायला घाला, नाहीतर गोळी भलत्याच कुत्र्याच्या पोटात जाते. चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. गोळी दिल्यावर एक महिन्याने कुत्र्याचा फोटो काढून गोळीआधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहा. कानाच्या कडेवर नवी लव फुटलेली नसेल, तर डॉक्टरला दोन्ही फोटो दाखवून दुसऱ्या मात्रेचं विचारा.